जळकी बाजू

दहा वाजून गेले तरी ढग हलले नव्हते. ब्रॉनी टेकडीच्या मधोमध उभी होती. पाठीवरच्या झोळीत आठ महिन्यांची ईडी झोपलेली. ब्रॉनीची नजर एकदा आकाशाकडे, एकदा पायाजवळच्या गवताकडे. इकडे ऑक्टोबर म्हणजे वसंत; साप ऊन खायला बाहेर येतात. ऊन नसलं की येत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी नजर जातच होती. आणि आज तिला ऊन हवंच होतं.

"वाकू नकोस हं," नोला म्हणाली. निसर्ग मंडळाची सचिव ती; मोजणीची वही तिच्या गळ्यात दोरीला लटकत होती. "पोरगी तोंडावर पडेल."

"वाकत नाहीये. नुसती बघतेय."

चढावर मोजणीसाठी ताणलेल्या दोरीलगत फुलांचे चार दांडे सापडले होते. चारही मिटलेले. निळी सूर्यऑर्किडं अंग तापल्याशिवाय उमलत नाहीत, आणि मिटलेली कळी निळ्याची की दुसऱ्या कुठल्या जातीची, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फक्त उमललेलं मोजायचं. हा नियम वीस वर्षांपूर्वी मंडळाच्या म्हाताऱ्या मर्व्हिनने घालून दिला होता.

मर्व्हिन दोरीपासून पंधरा पावलं वर रेनकोट पसरून बसला होता. मॅगपाय पक्षी मागून डोक्यावर झडप घालतात म्हणून त्याने टोपीच्या मागच्या बाजूला दोन डोळे काढले होते, त्यामुळे तो पाठ करून बसला तरी बघत असल्यासारखा वाटे.

"मर्व्हिन, दोरीजवळ या ना," ब्रॉनी म्हणाली. "काहीतरी तुडवलं जाईल."

"काय तुडवणार, पोरी? राख?" त्याने थर्मासचं झाकण फिरवलं. "मुद्दाम नागडी जागा बघून बसलोय. तुझीच मेहेरबानी."

टेकडीची ही बाजू एप्रिलमध्ये जाळायची, हा हट्ट ब्रॉनीचाच. गेल्या वसंतात इथे सहा फुलं मोजली होती, फक्त सहा. गवताने खालचं सगळं गुदमरवलंय, एकदा आग फिरू दे, असं ती बैठकीमागून बैठकीत सांगत राहिली. विरोधात एकटा मर्व्हिन. जाळल्यावर सगळ्यांनी येऊन काळी टेकडी पाहिली आणि मग तिच्याशी जरा कमीच बोलू लागले. दुसऱ्या बाजूचं आज संध्याकाळी ठरायचं होतं. सहाच्या वर आकडा गेला नाही, तर त्या बाजूला काडी लावू द्यायला कुणी तयार होणार नव्हतं.

"आज कळ्याच मोजून टाकू या का?" नोलाने हळूच विचारलं. "कुणाला कळतंय?"

"नाही," ब्रॉनी आणि मर्व्हिन एकदम म्हणाले.

मर्व्हिनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "चला, एवढं तरी शिकलीस." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "बारापर्यंत थांबतो. बाराला नोला शून्य लिहील आणि आपण खाली जाऊ. मला गुडघे आहेत, तुला लेकरू आहे."

तो आडवा झाला आणि त्याने टोपी तोंडावर ओढली.

ऊन आलं ते आधी पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्यांवर. मग कुंपणावर. मग ब्रॉनीच्या मानेवर. तिने सापांसाठी दोनदा पाय आपटले, ईडीचं टोपरं पुढे ओढलं आणि दोरीलगतच्या पहिल्या दांड्यावर नजर रोखली. दहा मिनिटं. वीस. ईडी झोळीत चुळबुळली; आता उठेल, भूक लागली की टेकडी डोक्यावर घेईल. ब्रॉनी जागच्या जागी झुलत राहिली.

पाकळी सुटली. निळी.

"एक," नोला म्हणाली आणि घाईघाईने पेन्सिल शोधू लागली.

चारही उमलली. मग दोरीच्या दुसऱ्या अंगाला, जिथे दोघींनी तीनदा पाहिलं होतं, तिथे आणखी नऊ. नवं गवत तांबूस होतं, ऑर्किडचे दांडेही तांबूस. मिटलेले असेपर्यंत गवतातून वेगळे दिसलेच नव्हते. नोला मोठ्याने मोजू लागली. अठरा. बावीस. एकतीस.

"नोला," ब्रॉनी म्हणाली, "वर बघ."

मर्व्हिन आवाजाने उठून बसला होता. मग उभा राहिला. खाली येण्यासाठी त्याने एक पाय उचलला, आणि तो तसाच वर राहिला. रेनकोटाच्या चारी कडांपासून, जिथवर जळलं होतं तिथवर, चढ निळा झाला होता.

तो पायाखाली, मग चौफेर बघत राहिला.

"पोरी," शेवटी म्हणाला, "पाय ठेवू कुठे?"

ब्रॉनीला ओरडावंसं वाटलं, हसावंसं वाटलं. ती म्हणाली, "बूट काढा आधी."

त्याने मुकाट्याने खाली बसून बूट काढले. नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले, आणि मोज्यांवर उभा राहिला.

"उजवा पाय, त्या दगडाशेजारी. हां. आता डावा, जरा आत. अजून आत. टेका."

"मोजू का?" त्याने विचारलं.

"मोजा ना. तुमच्याइतकं जवळ कोण आहे?"

पंधरा पावलं उतरायला त्याला पाऊण तास लागला. मधेच ईडी जागी झाली आणि तिने आभाळ फाडणारा सूर लावला. ब्रॉनी जागची हलली नाही. हात पसरून ती पुढचं पाऊल दाखवत राहिली. मर्व्हिन एका पायावर तोल सांभाळत, ईडीच्या वर आवाज चढवून ओरडत होता, "दोनशे चौदा! नोला, लिहितेस ना? दोनशे पंधरा!"