शेवटच्या रांगेतली वेणीवाली

"एकही चेहरा नावावाचून सोडायचा नाही हं." शाळेच्या वार्षिकांकाच्या पहिल्या बैठकीत पाठीमागून आलेला तो मऊ आवाज संपादिकेच्या कानात वर्षभर घर करून राहिला.

तिनं जिवाचं रान केलं. वर्गाच्या फोटोत शेवटच्या रांगेत, अगदी कडेला उभी असलेली वेणीवाली मात्र कुणालाच आठवेना.

"अगं, कापून टाक की तिला," मैत्रिणी म्हणाल्या. संपादिका हटली नाही. छपाईच्या आदल्या दुपारी तिच्या बोटांनी त्या चेहऱ्याखाली आपसूक एक नाव टाइप केलं.

आज अंक हाती आला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"बाई, तुम्ही पहिल्या दिवशी बजावलंत, म्हणून जमलं," ती अंकाचं काम पाहणाऱ्या बाईंना म्हणाली.

बाईंनी वेणीवालीवर अलगद बोट ठेवलं.

"इतकी वर्षं कुणाला बोलले नाही गं. ते मी म्हटलंच नव्हतं. ही दर वर्षी फोटोत येते, हेच सांगते. ऐकलंस मात्र तूच."