हिरवा चौकोन

“आणि ह्या लोकांची थडगी कुठे आहेत?” ओइकावा आजींनी विचारलं.

सौमित्रने पडद्यावरच्या नकाशाकडे पाहिलं. गेला तासभर तो ह्या जपानी गावातल्या लोकांना अमेरिकेतल्या कॅल्डर्स फेरी नावाच्या चिमुकल्या गावाचा इतिहास-भूगोल सांगत होता. कॅल्डर नावाच्या नावाड्याने वसवलेलं, मिसिसिपीच्या काठचं गाव. काळीभोर जमीन, मक्याची शेतं, दोन चर्च, एक शाळा, पाठीशी चुनखडीचा उंच कडा. वीस वर्षांपूर्वी पूर आला, गाव बुडालं आणि मग अख्खं गाव कड्यावर राहायला गेलं. पावसाच्या सरासरीपासून पहिल्या पोस्टमास्तरच्या नावापर्यंत सगळं सौमित्रला तोंडपाठ होतं. थडग्यांचा विचार मात्र त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

नदीजवळ नकाशात एक हिरवा चौकोन होता. मूळ नकाशात तिथे बारीक क्रूस होते. नकाशा सुटसुटीत करताना त्याने ते पुसले आणि जागा बागेसारखी हिरवी रंगवून टाकली. त्याच्या घरी माणूस गेला की अस्थी नदीत सोडतात, हात जोडतात आणि घरी येतात. गेलेल्या माणसालाही पत्ता असतो हे साताऱ्याच्या मुलाला कुठून सुचणार?

“मला ठाऊक नाही,” तो कमरेत वाकून म्हणाला. “उद्या नक्की सांगतो.”

उद्याच तर सगळं ठरायचं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर समुद्राने आजींचं हे गाव धुऊन नेलं होतं. उरलेली माणसं पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत राहत होती. गावामागच्या टेकडीवर नवी वस्ती करायची सरकारची तयारी होती. तरुण मंडळी राजी होती, म्हातारी अडून बसली होती आणि म्हाताऱ्यांना मागे टाकून कोणी निघणार नव्हतं. गाव वर गेलं नाही तर पुन्हा किनाऱ्यावर घरं बांधा आणि पुढच्या लाटेची वाट बघा, नाहीतर शहरांत पांगा. म्हातारी माणसं ओइकावा आजींच्या तोंडाकडे बघायची. आणि आजींचं एकच म्हणणं होतं, पूर्वज ह्याच किनाऱ्यावर राहिले, त्यांना सोडून कुठे जायचं नाही. वर गेलेल्या गावाचा दाखला घेऊन टोकियोच्या विद्यापीठातून सौमित्रला पाठवलं होतं ते ह्याचसाठी.

सकाळी उठल्या उठल्या त्याने कॅल्डर्स फेरीच्या कचेरीत फोन लावला. तिथे संध्याकाळ होती आणि कारकून बाई घरी निघाल्या होत्या. प्रश्न ऐकला तशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाई बसून बोलू लागल्या, त्या बराच वेळ बोलत राहिल्या. थडगी खालीच राहिली होती. भिजल्या जमिनीतून आपली माणसं उकरून काढायला कोणी धजावलं नाही. त्यावरून भावाभावांत फाटलं, कितीतरी घरं वर आलीच नाहीत, दुसऱ्या राज्यांत निघून गेली. आमची मुलं वर सुखरूप आहेत, देवाची कृपा आहे, बाई म्हणाल्या. पण खालच्यांना एकटं टाकून आल्याची बोच अजून जात नाही.

हे सांगायचं म्हणजे आजींच्याच हाती कोलीत द्यायचं. सौमित्रने टोकियोला, निशी-कसाई भागातल्या आपल्या घरी बायकोला, केतकीला फोन केला आणि हिरव्या चौकोनापासून सगळं सांगितलं. ती ऑफिसला जाण्यासाठी चपला घालत होती.

“थडगी पण वर हलवली असं सांगू का? इथून कोण तिकडे व्हेरिफाय करायला जाणारे? केतकी, माणसं वाचतील गं त्याने.”

केतकी चपला घालता घालता थांबली.

“एकदा त्यांना पुसून बाग केलीस ना?” ती म्हणाली. “आता परत पुसणार?”

दुपारी सौमित्र सभेत उभा राहिला. आधी त्याने आपली चूक सांगितली, मग त्या बाईंनी सांगितलेलं सगळं, काही न गाळता. भावाभावांची भांडणंही सांगितली आणि ती बोचही. मागे बसलेला सरकारी अधिकारी जमिनीकडे बघत होता. आता हे गाव काही वर जात नाही, हे सौमित्रला कळून चुकलं.

ओइकावा आजी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. पडद्यासमोर जाऊन त्या हिरव्या चौकोनाला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. त्यांच्यामागे एकेक करून सगळी म्हातारी माणसं वाकली. मग आजींनी सौमित्रला सांगितलं, त्या बाईंना आमचे आभार कळवा. स्वतःचं दुखणं परक्याला कोण सांगतं? त्यांनी सांगितलं म्हणून आम्हाला आमचं कळलं. सौमित्रला वाटलं, ह्या निरोप घेताहेत. तरीही त्याचे डोळे भरून आले. त्या दूरच्या बाईंचे आणि ह्या आजींचे कसे उपकार मानावेत ते त्याला समजेना.

आजींनी मागचा सरकता दरवाजा उघडला. समोर नव्या वस्तीच्या टेकडीचा चढ होता. चढावर बुद्धाचं देऊळ, आणि देवळाला लागून वरपर्यंत ओळीने उभे केलेले थडग्यांचे दगड. लाट तिथवर पोचलीच नव्हती. आजींचे सासू-सासरे तिथे होते, लाटेने नेलेला आणि मग सापडलेला नवराही तिथेच होता.

“आमची माणसं तर केव्हाच वर राहायला गेलीत,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी हात वर केला. “त्यांना सोडून खाली राहिलो होतो ते आम्हीच.”