गिचमिड अक्षर

राष्ट्राध्यक्षांचा बंगला बघायला आलेली मंडळी दोरीअलीकडे थांबली. “अर्जांवर सही होते ती याच टेबलावर,” गाइड म्हणाला.

त्यांतल्या एका म्हातारीनं विचारलं, “अक्षर गिचमिड असलं तर कसं वाचतात हो?”

गाइड हसला. “आजी, हातानं लिहिलेलं इथवर येतच नाही. खाली शब्दन् शब्द टाइप करतात, मगच साहेबांपुढे.”

मंडळी फोटो काढत बागेकडे गेली. म्हातारी आणि तिचा नवरा तिथेच उभी राहिली. लेकाला फाशी झाल्यापासून ती नवऱ्याला एकच बोल लावत आली होती, दयेचा अर्ज धड लिहिला नाही म्हणून.

“अहो, म्हणजे तुमच्या अक्षराचा दोष नव्हता.”

“नाही,” तो म्हणाला. “वाचता आलं होतं त्यांना.”