वेशीपाशी थांबलेले घोडे

"आजोबा, योद्धे-जादूगारांचा खेळ आणतेय तुमच्या मंडळींसाठी. गोष्ट ठरलेली असते तो आणू, की नुसता नकाशा देतात आणि पुढचं आपण ठरवायचं, तो?"

"ठरलेल्या रस्त्यावर बत्तीस वर्षं बस हाकली. नकाशावाला आण."

आणला. आजोबांसकट चार निवृत्त ड्रायव्हर टेबलाभोवती बसले. प्रत्येकानं आपला योद्धा निवडला, त्याचा घोडा वेशीपाशी उभा केला.

"पुढे जंगल आहे, डोंगर आहे, ड्रॅगनची गुहा आहे," मी म्हणाले. "कुठंही जा, कुणी अडवणार नाही."

कुणी हलेना. अर्धा तास झाला, फासे हातातच.

"नियम कळले नाहीत का?"

"कळले की."

"मग दुसरा खेळ आणू?"

"कशाला? झकास आहे हा!"

माझं डोकंच चालेना.

तेवढ्यात त्यांचा जुना कंडक्टर धापा टाकत आला. खुर्ची ओढून बसला, नकाशावरचे घोडे मोजले, "सगळे आले ना?" म्हणाला आणि चमच्यानं कपावर दोनदा वाजवलं.

चारही घोडे एकदम जंगलात घुसले.