एकच खुर्ची

दोघी बहिणी हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. वडिलांनी थोरलीला शिकवलं आणि धाकटीला घरच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला उभं केलं होतं. थोरली बँकेतून ताठ कण्याने निवृत्त झाली. धाकटीच्या पाठीला कमान आली होती, गुडघे पाऊल टाकलं की कुरकुरत होते आणि पुढचे तीन दात कधीच पडले होते.

नर्सने थोरलीला विचारलं, "ताई, आईंना किती दिवसांपासून त्रास आहे?"

थोरली ओशाळली. "अहो, आई कसली? ही तर..."

धाकटीने तिला कोपराने ढोसलं.

तेवढ्यात नर्सने कुठूनतरी खुर्ची आणली. धाकटीला हाताला धरून बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि "आजी, तुमचा नंबर आधी घ्यायला सांगते" म्हणत आत गेली.

थोरली पुटपुटली, "अगं, जुळ्या ना आपण? आणि त्यातही तू माझ्याहून दहा मिनिटांनी धाकटी. खरं सांगू दे की मला."

"तू गप उभी राहा," धाकटी पाय पसरत म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी 'बसा' म्हणालंय. उगाच माझं वय कमी करू नकोस."