निळी रेघ

परिषदेतली सगळी पोस्टर्स आता नव्या शाईत छापावी लागत. जो मजकूर कुणी वाचत नसे, तो दुपारपर्यंत आपोआप पुसला जाई. इराने मालवणच्या प्रवाळांवरचं सगळं संशोधन एकाच पोस्टरमध्ये कोंबलं होतं. शब्दांची ती दाटी बघून लोक पुढे सरकत होते.

ती जेवून परत आली तेव्हा पोस्टर जवळजवळ कोरं झालं होतं. प्रस्तावना गेली होती, तक्ते गेले होते. उरला होता फक्त एक आलेख. त्यात खाली घसरत जाऊन शेवटी वर उठलेली निळी रेघ मात्र ठसठशीत होती. समोर खुर्चीत तिचे वडील बसले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. "प्रवाळ पुन्हा वाढायला लागलंय! किती स्वच्छ मांडलंस गं!"

त्या गेल्यावर इराने विचारलं, "अण्णा, तुम्हाला यातलं काय कळलं?"

"काही नाही गो. सगळं पुसलं जायला लागलं तसा घाबरलो. सगळं वाचत बसणं माझ्या डोळ्यांना झेपेना. म्हटलं, या रेघेपायी तू दोन वर्षं गणपतीला घरी आली नाहीस. हिला काही जाऊ द्यायचं नाही."