कलम चौथे

टायपिस्टने ट्रस्टच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून त्याला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्याने कुठलाही कागद दोनदा वाचला नव्हता.

"चौथं कलम बघितलंत?" समोरच्या स्टुलावरच्या बाईने विचारलं.

"तेच बघतोय."

ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेकीला डॉक्टरीला प्रवेश मिळाला होता आणि पाचही वर्षांची फी हा ट्रस्ट भरणार होता. विधवांच्या हुशार मुलींसाठीच होता तो. अट एकच, आणि मोठी साळसूद: आईने पुनर्विवाह केलेला नाही, असं तिने दरवर्षी शपथेवर लिहून द्यायचं. इथेच घोडं अडलं होतं. कारण येत्या सोमवारी ही बाई आणि हा टायपिस्ट लग्नाची नोटीस द्यायला नोंदणी कचेरीत जाणार होते. तो एकसष्टचा, ती एकोणपन्नासची. या वयात लाजायचं कसं ते दोघांनाही धड जमत नव्हतं, तरी गेले दोन महिने ती त्याला 'अहो' म्हणत होती.

"पोरगी म्हणते, फॉर्म फाडून टाक, मी कुठेतरी नोकरी धरते," बाई म्हणाली. "मनापासून म्हणते हो."

"मनापासूनच म्हणत असणार. म्हणून तर पंचाईत आहे."

"आपण कुणाला सांगितलंच नाही तर?"

"चौकशीला माणूस येतो. घरी कोण येतं-जातं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. खाली लिहिलंय." त्याने पलीकडच्या टेबलाकडे हनुवटी उडवली. "आणि खोटं टाईप करून हवं असेल तर ते तिकडे मिळतं. दर जरा जास्त आहे."

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

फी मी भरतो, असं म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण आकडा नमुन्यातच छापलेला होता. तेवढे पैसे जमवायचे तर आणखी एकतीस वर्षं या टेबलाशी बसावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं. आपल्या गरिबीचा त्याला आजवर कधी राग आला नव्हता, तो आज आला.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "थांबाल तुम्ही?"

"मी थांबेन हो. पण माझ्या हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणालेत ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मग नकोच ते. द्या इकडे, फाडते."

तिने हात पुढे केला. त्याने कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"आणि उद्या ती कुठल्याशा दुकानात कापड मोजताना दिसली, की आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं कसं?"

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. त्याच्या हाताला मात्र काम होतं. त्याने दोन कागदांमध्ये कार्बन घातला, कडा जुळवल्या आणि कागद मशीनवर चढवले. पहिली तीन कलमं झरझर उतरली. मग चौथं. 'मी विधवा असून मी पुनर्विवाह केलेला नाही व कोणत्याही पुरुषासमवेत राहत नाही.' एवढं लिहितानाही बोटं अडखळली नाहीत, याचं त्याला फार वाईट वाटलं.

सही कुठे करायची तिथे त्याने पेन्सिलीने फुली मारून दिली. तिने सही केली. आडनावाशी तिचा हात जरा रेंगाळला.

"किती झाले, टायपिस्टसाहेब?" तिने विचारलं. आजूबाजूचे ऐकत होते.

त्याने नेहमीचा दर सांगितला आणि पैसे घेतले. घेतले नसते तर ती तिथेच कोसळली असती. कागदाची नीट घडी करून तिने तो पिशवीत ठेवला आणि ती उठली. ती चार पावलं गेल्यावर त्याने मागून हाक मारली.

"पुढच्या वर्षी पुन्हा लागेल हे," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका."